गल्लीतलं ऊन मोजा, मग सावली उभी करा : बेळगाव भागासाठी सविस्तर मार्गदर्शक

एप्रिलच्या दुपारी मोबाईल बेळगावचं तापमान ३५ अंश दाखवतो. त्याच घटकेला कॅम्पातल्या जुन्या झाडांखालून जाणारा माणूस घाई न करता चाललेला असतो, आणि काँक्रीट केलेल्या रुंद रस्त्याच्या कडेला बसची वाट बघणारी बाई डोक्यावर पदर ओढून कशीबशी उभी असते. दोघांच्या भोवतालच्या हवेत फार तर एक-दोन अंशांचा फरक असेल. तरी एकाला दुपार सोसते आणि दुसरीला सोसत नाही.

कारण मोबाईलवरचा आकडा हवेचा असतो. हवामान खातं तो आकडा झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतं. थेट ऊन, तापलेला रस्ता, भिंतीची झळ हे सगळं तिथे मुद्दाम टाळलेलं असतं. रस्त्यावरच्या माणसाला ते टाळता येत नाही.

हा लेख गल्लीतल्या मंडळांसाठी, शाळेच्या शिक्षकांसाठी, बाजारात बसणाऱ्यांसाठी आणि नवीन घर किंवा दुकानगाळा बांधणाऱ्यांसाठी आहे. हवा थंड करणं एका गल्लीच्या हातात नाही. पण अंगावर पडणारं ऊन आणि झळ कमी करणं, वाऱ्याला वाट मोकळी ठेवणं हे नक्की हातात आहे. त्यातही क्रम महत्त्वाचा: आधी सावली, मग वारा, मग जमीन आणि पत्रे, सगळ्यात शेवटी पाणी. रस्त्याचं काम निघालं की रुंदी, गटार, दिवे यांवर बोललं जातं. सावलीवर कुणी बोलताना मला दिसत नाही, म्हणून हे लिहितोय.

अंगाला नेमकं काय लागतं

माणसाला बाहेर बरं वाटतं की नाही, हे सहा गोष्टींवर ठरतं: हवेचं तापमान, हवेतला दमटपणा, वारा, भोवतालून येणारं ऊन आणि झळ, अंगावरचे कपडे, आणि आपण करत असलेलं काम. निवांत बसलेल्या माणसाच्या शरीरात साधारण १०० वॅट उष्णता तयार होत असते. ताशी पाच किलोमीटरच्या चालीने चालला की ती साधारण तिप्पट होते. हमाली करताना त्याहून बरीच जास्त. ही उष्णता बाहेर टाकता आली तर बरं वाटतं, अडली तर तलखी होते.

आता यात ऊन मिळवा. निरभ्र दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं. त्यातलं काही अंगावर थेट येतं, काही रस्त्यावरून आणि भिंतीवरून उलटून येतं, आणि तापलेलं डांबर, काँक्रीट, पत्रा यांच्याकडून अदृश्य झळ येत राहते ती वेगळीच. या सगळ्याचा मिळून जो एक आकडा काढतात त्याला सरासरी प्रारण तापमान म्हणतात. हवा ३५ अंश असताना उघड्या रस्त्यावर तो आकडा ६० च्या पुढे सहज जातो. दाट झाडाखाली मात्र हवेच्या तापमानाच्या जवळपासच राहतो. रस्त्याची रचना बदलून सगळ्यात जास्त बदलता येणारी गोष्ट हीच.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दिवस तापला तरी रात्र बऱ्यापैकी उतरते. दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जंगल आणि दमट हवा. ईशान्येला अथणी, रायबागकडे कोरडा उन्हाळा, पारा चाळिशीला भिडतो. एकाच जिल्ह्यात तीन तऱ्हेचे उन्हाळे असल्यावर उपायही तिन्हीकडे सारखे नसतात. खानापुरात घाम वाळत नाही, म्हणून वारा लागतो. अथणीकडे वाराच तापलेला असतो, म्हणून अंग झाकणं आणि सावली. बेळगावात दुपारचं ऊन अडवलं की निम्म्याहून जास्त काम झालं.

पायरी १ : गल्लीची दिशा आणि सूर्याची वाट

मोबाईलमधलं होकायंत्र उघडा आणि गल्ली कुठून कुठे जाते ते बघा. त्यावर सगळं अवलंबून आहे.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. बेळगाव आहे साधारण ७४.५ अंशांवर. म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमाराला. ३-४ मेच्या सुमारास तर तो अगदी बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या ८-९ तारखेलाही तसंच, फक्त तेव्हा आपल्याकडे आभाळ असतं. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला, क्षितिजापासून ५०-५१ अंशांवर.

मेच्या सुरुवातीचा हिशेब असा. दीड वाजता इमारतीची सावली तिच्या उंचीच्या पाव हिश्श्याएवढी पडते, अडीचला निम्म्याहून जरा जास्त, साडेतीनला जवळजवळ उंचीएवढी, आणि साडेचारला दीडपट. पडते ती बहुतेक सरळ पूर्वेला.

यावरून दोन गोष्टी निघतात. गल्ली दक्षिणोत्तर असेल, रुंदी सहा मीटर आणि घरं दुमजली, आठेक मीटर उंच असतील, तर साडेतीनपर्यंत अख्खी गल्ली सावलीत येते. जुन्या बेळगावातल्या अरुंद गल्ल्या दुपारी सोसतात त्या यामुळे. अशा गल्लीत पश्चिमेकडच्या घरांच्या कडेला आधी सावली येते, पूर्वेकडची बाजू शेवटपर्यंत भाजते. तेव्हा झाड किंवा छप्पर एकाच बाजूला करायचं असेल, तर ते पूर्वेच्या बाजूला.

गल्ली पूर्व-पश्चिम असेल तर इमारती फारशा कामाला येत नाहीत. एप्रिल-मेमध्ये सूर्य रस्त्याच्या रेषेतूनच चढतो आणि रस्त्याच्या रेषेतूनच उतरतो. घरं कितीही उंच असोत, रस्ता उघडाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्य दक्षिणेकडे असतो, तेव्हा दक्षिणेकडच्या घरांची थोडी सावली त्यांच्याच फूटपाथवर पडते, उत्तरेकडचा फूटपाथ तापत राहतो. म्हणून पूर्व-पश्चिम रस्त्याला झाडं लागतातच, आणि सुरुवात उत्तरेकडच्या फूटपाथपासून करायची. नवीन लेआऊट पाडताना मुख्य चालते रस्ते शक्यतो दक्षिणोत्तर ठेवा, असं मी प्रत्येक प्लॉटधारकाला सांगेन. कागदावर रेघ फिरवायला काही खर्च येत नाही, पुढे ती फिरवता येत नाही.

सावलीचा नकाशा तयार हवा असेल तर बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांना विचारा. सकाळी कुठे, दुपारी कुठे, चारनंतर टोपली कुठे सरकवायची हे त्यांना तारखेनिशी माहीत असतं. दुपारी स्कूटर कुठे दाटीने लागतात तेही बघा.

पायरी २ : मोजणी

अंदाजाने बोललं की समोरचा ऐकत नाही, आकड्याने बोललं की निदान थांबतो. साहित्य साधं आहे: दोन-तीन डिजिटल थर्मामीटर, ज्यांच्या वायरच्या टोकाला सेन्सर असतो, टेबल टेनिसचा एक चेंडू, बारीक रिबन, सुती वात आणि छोटी बाटली, आणि जमल्यास लांबून पृष्ठभागाचं तापमान सांगणारी इन्फ्रारेड गन.

चेंडू ४० मिलिमीटरचा असतो. त्याला चमक नसलेला करडा रंग द्या, बारीक भोक पाडून सेन्सर बरोबर मध्यावर येईल असा बसवा आणि भोक एम-सीलने बुजवा. हा झाला तुमचा गोल तापमापक. माणसाप्रमाणे तो हवा, ऊन आणि झळ तिन्ही एकत्र झेलतो. काळा रंग दिला तर तो माणसापेक्षा जास्त ऊन पितो, म्हणून करडा. काठीला बांधून जमिनीपासून १.१ मीटरवर धरा आणि आकडा स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्या.

दुसऱ्या सेन्सरवर ओली वात गुंडाळा, तिचं टोक स्वच्छ पाण्याच्या बाटलीत सोडा आणि तोही उघड्यावरच ठेवा. घाम वाळून अंगाला किती गारवा मिळू शकेल, हे तो सांगतो. तिसरा हवेचा सेन्सर मात्र उन्हापासून झाकून ठेवायचा. पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन-तीन ताटल्या अंतर राखून एकावर एक बसवल्या की आडोसा होतो.

वाऱ्यासाठी यंत्र घेतलं नाही तरी चालतं. झाडाची पानं नुसती सळसळत असतील तर वारा ताशी ६ ते ११ किलोमीटर. गल्लीच्या तोंडाशी लावलेला भगवा सतत फडकत ताठ राहत असेल तर १२ ते १९. फक्त लक्षात ठेवा, झेंडा उंचावर असतो; कट्ट्यावर बसलेल्या माणसाच्या उंचीला रिबन हलते का ते वेगळं बघा. दोन्हींत मोठा फरक निघाला तर खाली कुठेतरी वारा अडतोय.

इन्फ्रारेड गन वापरताना एक चूक सगळेच करतात. चकचकीत पत्र्यावर किंवा स्टीलच्या बाकावर ती रोखली की आकडा खोटाच कमी येतो, कारण चकचकीत धातू स्वतःची झळ कमी सोडतो आणि समोरच्या वस्तूंची झळ परावर्तित करतो. त्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर रोखा.

दिवस निवडा निरभ्र, शक्यतो मार्चअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातला. वेळा चार: सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा, साडेतीन, रात्री आठ. जागा गल्लीतल्याच पाच-सहा: बसथांबा, शाळेचं फाटक, देवळाचा कट्टा, दुकानांची रांग, उघडा चौक, आणि असेल तर मोठं झाड. तुलनेसाठी त्याच दिवशी दाट झाडीतही एकदा मोजून या. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपोचा परिसर त्यासाठी उत्तम. वहीत प्रत्येक नोंदीपुढे वेळ, ऊन की सावली, हवा, चेंडू, ओली वात, वारा आणि पायाखालच्या जमिनीचं तापमान लिहा. आणि तिथे बसलेल्या माणसाला विचारा, "आत्ता कसं वाटतंय? थंड, बरं, उबदार, की गरम?" ते उत्तरही लिहा. मी तर म्हणेन, सगळ्या रकान्यांत हाच रकाना आधी वाचावा.

आकडे वाचायचे कसे

समजा, उघड्या चौकात हवा ३५, चेंडू ४३ आणि वारा सेकंदाला एक मीटर आहे. चेंडू हवेपेक्षा आठच अंशांनी वर, म्हणून फरक किरकोळ वाटेल. पण चेंडू लहान असतो, त्याला वारा सतत थंड करत असतो. आयएसओ ७७२६ या मानकातलं सूत्र लावलं तर भोवतालचं सरासरी प्रारण तापमान ६५ च्या पुढे निघतं. तेव्हा चेंडू आणि हवा यांच्यातला एकेक अंश मोलाचा समजा.

काम करणाऱ्या माणसासाठी दुसरा हिशेब आहे, डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर, म्हणजे ओली वात, गोल तापमापक आणि हवा यांचा एकत्र आकडा) नावाचा. अमेरिकेच्या सैन्याच्या प्रशिक्षण छावण्यांत उष्माघात वाढले, तेव्हा १९५० च्या दशकात तो बसवला गेला. ओल्या वातीचा आकडा गुणिले ०.७, गोल तापमापकाचा गुणिले ०.२, हवेचा गुणिले ०.१, आणि तिन्हींची बेरीज. उन्हात ओली वात २५, गोल ४६, हवा ३५ असेल तर उत्तर ३०.२. पाच पावलांवर सावलीत वात २४, गोल ३६, हवा तीच ३५ असेल तर २७.५. उन्हाला सरावलेल्या माणसासाठी आयएसओ ७२४३ मध्ये मर्यादा दिल्या आहेत: हलक्या कामाला ३०, मध्यम कामाला २८, जड कामाला २६. म्हणजे उन्हात हलकं कामसुद्धा मर्यादेबाहेर, आणि सावलीत मध्यम काम मर्यादेच्या आत. हवा दोन्हीकडे तीच! मूळ हिशेब १५ सेंटिमीटरच्या काळ्या गोळ्यावर बसवलेला आहे आणि आपला छोटा चेंडू त्याहून कमी दाखवतो, म्हणून मर्यादा एक-दोन अंश अलीकडेच धरा. दुपारच्या कवायती, क्रीडास्पर्धा, रस्त्याची आणि बांधकामाची कामं ठरवताना हा आकडा जवळ ठेवा.

पायरी ३ : सावली

चांगल्या दाट झाडाखाली थेट उन्हाचा ७० ते ९० टक्के भाग अडतो. तेवढंच ऊन पत्राही अडवतो, मग फरक काय? पान पाणी बाष्परूपात सोडत असतं, म्हणून ते हवेच्या तापमानाजवळच राहतं. पत्रा पाणी सोडत नाही. तो तापतो आणि खाली बसलेल्याच्या टाळूवर झळ सोडत राहतो. झाड आणि पत्रा यांत निवड असेल तर विचार करायचं कारणच नाही, झाडच.

झाड निवडताना एकच प्रश्न विचारा: मार्च ते मे या काळात याला पानं असतात का? करंज फेब्रुवारी-मार्चमध्ये थोडे दिवस पानं टाकतो आणि एप्रिलपर्यंत कोवळ्या पालवीने पुन्हा दाट होतो. मध्यम रस्त्यांसाठी माझी पहिली पसंती त्यालाच. कडुलिंबही तोवर पालवलेला असतो, अथणी-रायबागच्या कोरड्या पट्ट्यात तो उत्तम तग धरतो. बकुळ सावकाश वाढतो पण बारमाही दाट, अरुंद फूटपाथला शोभतो. आंबा, जांभूळ बारमाही असले तरी फळं पडून रस्ता निसरडा होतो. ते शाळेच्या आवारात, मैदानाच्या कडेला लावा. सातवीण दाट आहे, पण तिच्या फुलांचा उग्र वास खिडकीजवळ नको होतो. चिंच, वड, पिंपळ यांना जागा हवी: तळ्याकाठी, देवळाच्या पारावर, गावाच्या वेशीत. गुलमोहर दिसायला देखणा, पण ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला उघडाबोडका असतो आणि वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात. आणि ज्यांना सावलीसाठी म्हणून लावतात ते उंच सरळ आसुपालव आणि शोभेचे पाम सावली देतच नाहीत. नव्या वसाहतींच्या दुतर्फा ते रांगेने उभे दिसतात, तेव्हा खरंच वाईट वाटतं. तेवढ्याच खड्ड्यांत करंज लागला असता.

लावायचं मृगाच्या पावसावर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून. रोप आठ-दहा फुटांचं घ्या, म्हणजे जनावरांच्या तोंडातून वाचतं. बुंध्याभोवती किमान एक मीटर बाय एक मीटर माती उघडी ठेवा. पेव्हर बुंध्याला चिकटवून बसवणं म्हणजे झाडाचा गळा आवळणं. मध्यम झाडांत सहा ते आठ मीटर अंतर ठेवा. सावली तुटक राहिली तर चालणाऱ्याला दर वीस पावलांवर ऊन लागतं. वर विजेच्या तारा आहेत का ते आधी बघा, नाहीतर दरवर्षी शेंडा छाटला जाईल. खालच्या फांद्या अडीच मीटरपर्यंत काढा, म्हणजे वाट आणि वारा दोन्ही मोकळे राहतील. पहिले तीन उन्हाळे पाणी घालायची जबाबदारी प्रत्येक झाडामागे एका घराने नाव लिहून घ्यावी. खरं सांगायचं तर झाडं मरतात ती याच एका गोष्टीवरून.

बाक कुठे ठेवायचा? बुंध्याला टेकून नव्हे. साडेतीनला सहा मीटर उंचीच्या पर्णसंभाराची सावली साडेपाच मीटर पूर्वेला पडलेली असते. दुपारी बसायचं असेल तर बाक बुंध्याच्या पूर्वेला तीन-चार मीटरवर हवा.

झाड वाढेपर्यंत मांडव. शेडनेट ७५ टक्क्यांची घ्या आणि साडेतीन मीटरपेक्षा उंच बांधा, बाजू उघड्या ठेवा, कारण जाळी स्वतःही तापते. वळवाचा वारा पंधरा मिनिटांत येतो, म्हणून गाठी सुटतील अशा मारा आणि जाळी गुंडाळायची जबाबदारी कुणाची ते ठरवून ठेवा.

बसथांब्यांबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण इथे चूक जवळजवळ ठरलेली असते. थांब्याचं तोंड पश्चिमेला, छप्पर २.७ मीटर उंच आणि दीड मीटर खोल असं धरा. साडेतीनला छपराच्या पुढच्या कडेखालून ऊन अडीच मीटर आत शिरतं. खोली आहे दीड मीटर! म्हणजे छप्पर डोक्यावर असूनही बसलेला माणूस पूर्ण उन्हात, आणि छपराची सावली पाठीमागच्या गटारावर. अशा थांब्याला वरून आणखी पत्रा लावून उपयोग नाही. पश्चिमेच्या बाजूला उभा आडोसा हवा: बांबूची तट्टी, तिरक्या पट्ट्या, किंवा तीन मीटरवर एक झाड. काचेसारखं पारदर्शक छप्पर आणि स्टीलचं बाकडं दोन्ही नकोत. लाकडी किंवा सिमेंटचं बाकडं सावलीत असेल तर पुरे.

पायरी ४ : वारा

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो, पावसाळ्यात तो नैर्ऋत्येकडून जोरात असतो, हिवाळ्यात पूर्वेकडून. त्वचा साधारण ३३ ते ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातली उष्णता नेतो. त्याहून गरम झाली की उष्णता आणून टाकतो, पण घामही वाळवतो. म्हणून बेळगावात, खानापुरात वारा बहुतेक वेळा मित्रच आहे. अथणीच्या चाळीस अंशांत मात्र डोक्याला पटका, अंगात पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा हाच शहाणपणा. शेतातली जुनी माणसं उघड्या अंगाने दुपारी फिरत नाहीत.

करायचं ते इतकंच. पश्चिमेकडच्या कंपाउंडची भिंत एक मीटरवर गेली तर वरचा भाग जाळीचा करा. दोन गल्ल्या जोडणारा बोळ पत्रे, भंगार, बंद पडलेल्या गाड्या यांनी बुजवू नका; तो वाऱ्याचा रस्ता आहे. दाट कुंपण आणि झुडपं बसण्याच्या जागेच्या पश्चिमेला नकोत, उंच बुंध्याचं झाड हवं. आणि एसीचं बाहेरचं यंत्र चालणाऱ्याच्या तोंडावर गरम हवा सोडत असेल तर ते गच्चीवर न्या.

पायरी ५ : जमीन, भिंत, पत्रा

नवं डांबर अंगावर पडलेल्या उन्हातलं पाच टक्केच परत पाठवतं, बाकीचं पितं. जुनं होऊन करडं पडलं की दहा-पंधरा टक्के. नवं काँक्रीट तीस-चाळीस टक्के परत पाठवतं, म्हणून त्याचा पृष्ठभाग डांबराएवढा तापत नाही. यावरून कुणी म्हणेल, सगळं पांढरं करून टाकू. इथे थांबा. पांढऱ्या जमिनीवरून उलटलेलं ऊन तिथे उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर, छातीवर येतं. जमीन थंड होते, पण माणसाला दुपारी बरं वाटेलच असं नाही. पांढरा रंग गच्चीला, पत्र्याला द्या, जिथे उलटलेलं ऊन आभाळात जातं. माणसं चालतात तिथे सावली द्या. सावलीत जमीन कुठल्या रंगाची आहे याने फार फरक पडत नाही. शाळेच्या मैदानात मातीच राहू द्या, पेव्हर टाकू नका.

दुकानांच्या आणि भाजीबाजाराच्या पत्र्यांना शिमगा झाला की चुना द्या, त्यात चिकटपणासाठी थोडा फेविकॉल घाला. आपल्या पावसात तो धुऊन जाणारच, म्हणून दरवर्षी. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूची चटई बांधा आणि वरच्या कडेला फट ठेवा, म्हणजे मधली गरम हवा निघून जाते. ही साधी गोष्ट आहे, खर्चही कमी, आणि पत्र्याखाली दिवसभर बसणाऱ्याला पहिल्याच दुपारी कळते.

पाण्याचा सडा संध्याकाळी, जागा सावलीत आल्यावर टाका. भर उन्हात टाकलेलं पाणी काही मिनिटांत उडून जातं. नळाला पाणी येण्याची वाट बघणाऱ्या शहरात सड्याला वापरलेलं पाणीच घ्यावं. तुषार सोडणारे पंखे मार्चच्या कोरड्या दुपारी चालतील, वळवाआधीच्या कोंदट हवेत ते घामात भर घालतात.

पाऊस आणि थंडी

आपल्या भागात बाहेरची गैरसोय फक्त उन्हाची नसते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा विशीच्या पुढे-मागे असली तरी ओले कपडे आणि नैर्ऋत्येचा वारा मिळून हुडहुडी भरते. त्यामुळे उन्हासाठी पश्चिमेला केलेला आडोसा पावसाळ्यातही उपयोगी पडतो. खानापूरकडे तो नैर्ऋत्येला वळवून थोडा जास्त बंद करा. दुकानांच्या वळचणी एकमेकींना जोडून सलग करता आल्या तर उन्हातून आणि पावसातून दोन्हीतून चालता येतं. जुन्या घरांच्या पडव्या-सोप्यांनी हेच काम केलं. डिसेंबरात सकाळी ऊन हवंसं असतं, पण दहा वाजल्यावर ते पुन्हा टोचू लागतं, तेव्हा थंडीसाठी झाडं तोडायचं कारण नाही. सकाळी बसायची एक पूर्वाभिमुख जागा उघडी ठेवली की झालं.

कार्यक्रमांच्या वेळा

आपल्याकडची पारंपरिक शिवजयंती वैशाखात येते आणि चित्ररथ मिरवणूक रात्रीची असते, ते योग्यच. पण तयारी, ढोल-ताशाचा सराव, मुलांची लेझीम भर दुपारी होते. वर सांगितलेला हिशेब लावा आणि सराव सकाळी नऊच्या आत किंवा साडेपाचनंतर घ्या. दुपारी आभाळ भरून वारा पडलाय, वळीव येणार असं दिसतंय, ती वेळ सगळ्यात फसवी: ऊन नसतं पण घाम वाळत नाही. रात्रीसुद्धा मिरवणूक-मार्गावर पाणी आणि उघडा, वाऱ्याचा चौक विसाव्यासाठी ठेवा, कारण दाट गल्ल्यांत दिवसभर तापलेल्या भिंती उशिरापर्यंत झळ सोडतात. कुणी बरळू लागला, अंग तापलं, तोल जाऊ लागला तर सावलीत झोपवून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

पायरी ६ : अर्ज

मोजणीची वही हातात असली की महापालिकेकडे, पंचायतीकडे किंवा नगरसेवकाकडे जा. अर्जात एकच जागा आणि एकच मागणी लिहा: अमुक थांब्याला पश्चिमेचा आडोसा, अमुक रस्त्याच्या उत्तरेकडच्या फूटपाथवर झाडांसाठी बारा खड्डे. सोबत मोजणीचा तक्ता आणि वेळ नोंदवलेले फोटो जोडा. अर्ज कन्नडमध्ये द्या, मराठी प्रत लावा, पोचपावती घ्या. रस्त्याचं काम निघणार असल्याची कुणकुण लागली तर माहिती अधिकारात आराखडा मागा, आणि तो निविदेआधी मागा; काँक्रीट पडल्यावर खड्डा कुणी देत नाही. झाड तोडण्याआधी कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, १९७६ प्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. कुऱ्हाड दिसली की ती परवानगी दाखवायला सांगा, शांतपणे, आणि तारखेसह फोटो काढा.

बदल झाल्यावर पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा मोजा. हवा सारखी असलेलाच दिवस तुलनेला घ्या, एखाद्या अंशाचा फरक चालेल. नाहीतर गारवा सावलीने आला की ऋतूने, हे सांगता येणार नाही. नव्या आडोशाखाली चेंडू आणि हवा यांच्यातलं अंतर निम्म्यावर आलं असेल तर तो तक्ता शेजारच्या गल्लीला द्या. आलं नसेल तर साडेतीनला तिथे उभे राहून ऊन कुठल्या बाजूने शिरतंय ते बघा. बहुतेक वेळा आडोसा हातभर उत्तरेला सरकवावा लागतो, कारण मेमधला दुपारनंतरचा सूर्य थेट पश्चिमेला नसून जरा उत्तरेकडे असतो.